सुई बंद करा, तालीम नव्हे

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, बारावी झालाय. लहानपणापासून तालमीत आहे. पोलीस भरतीसाठी म्हणून जिम लावली. तिथं एकानं आठवड्याला दोन 'ताकदीची' इंजेक्शनं सुरू केली, त्याला तीन महिने झाले. झोपत नाही, धाकट्यावर हात उगारतो, पुस्तक उघडत नाही. तालीम सोडवू का? भरतीचं काय? – एक आई, पन्हाळा तालुका

ताई, बाटलीवरचं लेबल उतरवून पाठवलंत, फार बरं केलंत. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट, म्हणजे पुरुषी हार्मोन, २५० मिलिग्रॅम. निरोगी तरुणाचं शरीर दिवसाला साधारण ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतं, म्हणजे आठवड्याला पन्नासच्या आसपास. याच्या अंगात आठवड्याला ५०० मिलिग्रॅम औषध जातंय. त्यातलं एस्टरचं, म्हणजे हार्मोनला जोडलेल्या रसायनाचं, वजन वगळलं तरी सातपट होतं. तेही लेबल खरं असेल तर, कारण या धंद्यात बनावट माल सर्रास असतो.

मेंदूत राग-भीती हाताळणाऱ्या अमिग्डालावर हे हार्मोन थेट काम करतं. त्या रागाला आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. त्यामुळे त्याच्या वागण्याला माज म्हणू नका. वर्षानुवर्षं सुया घेणाऱ्यांच्या मेंदूची साल, म्हणजे बाहेरचा थर, पातळ झालेली एमआरआयमध्ये दिसली आहे, स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांतही ते मागे पडले आहेत. तीन महिन्यांत एवढं होत नाही, म्हणून आत्ताच थांबवायचं.

खरा धोका थांबवल्यानंतर आहे. बाहेरून हार्मोन मिळत असल्यानं मेंदूनं वृषणांना जाणारा हुकूम, म्हणजे एलएच आणि एफएसएच, बंद केलेला असतो. शेवटच्या सुईनंतर दोन-तीन आठवडे बरे जातात, कारण औषध तेलातून हळूहळू उतरत असतं. घरचे निर्धास्त होतात आणि तेव्हाच उतरण लागते: उदासी, अंगात त्राण नाही, दंड उतरलेले, कधी जीव द्यायचे विचार. स्वतःचं उत्पादन सुरळीत व्हायला काही महिने लागू शकतात. याच काळात पोरं पुन्हा सुईकडे वळतात. जिमवाला 'कोर्सनंतरच्या गोळ्या' देऊ करेल, त्या घेऊ देऊ नका.

या आठवड्यातच कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत न्या, मानसोपचार विभागातही दाखवा. बाटली सोबत न्या. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी रक्त द्यायचं: टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, सीबीसी, लिव्हर, लिपिड. सुई कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. जीव नकोसा झाल्याचं बोलला तर एकटं सोडू नका. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते.

आता भरती. मैदानाला ५० गुण, लेखीला १००. छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून ५ जास्त एवढंच लागतं. त्याहून भरदार असल्याचा एकही गुण मिळत नाही. १६०० मीटर दमावर निघतं, गोळा तंत्रावर जातो. गणित, बुद्धिमत्ता, व्याकरण, सामान्य ज्ञान मात्र झोप आणि एकाग्रतेशिवाय होत नाही. खुल्या गटालाही वयाची मर्यादा २८ आहे, ही भरती सोडली तरी चालेल. झोप परतली की रोज एक तास गणितापासून सुरू करू दे.

तालीम सोडवू नका, जिम सोडवा. वस्तादांना स्पष्ट सांगा, लपवू नका. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) चाचणीत सापडला तर पहिल्याच खेपेला चार वर्षांपर्यंत बंदी येते, 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. सध्या स्पर्धेची कुस्ती नको. डॉक्टरांनी परवानगी दिली की जोर-बैठका निम्म्यावर आणि हलकी धाव. वजन उतरेल, तेव्हा घरात कुणी "वाळलास" म्हणू नये.