पोट, चरबी आणि यंत्रांची निवड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शस्त्रक्रियेविना चरबी कमी करण्याविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. यंत्र कोणते हे वाचकांना आधी ठरवायचे असते आणि पोट कशामुळे सुटले आहे हे तपासायचे असते नंतर, किंवा कधीच नाही. म्हणून यातले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. केवळ पत्रावरून निदान करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होईल, एवढे लक्षात ठेवूनच उत्तरे वाचावीत.

वजन योग्य आहे, पण कमरेच्या दोन्ही बाजूंची चरबी हटत नाही. चरबी गोठवणारा उपचार, लेझर की रेडिओफ्रिक्वेन्सी? (ठाणे)

हे उपचार मुळात तुमच्यासारख्यांसाठीच आहेत. आइसकँडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातील चरबीला इजा झाल्याची नोंद 1970 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्वचेपेक्षा चरबीच्या पेशी थंडीला लवकर बळी पडतात, या तत्त्वावर पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये चरबी गोठवण्याचे म्हणजेच क्रायोलिपोलिसिसचे तंत्र विकसित झाले आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) ते प्रथम कमरेच्या बाजूंसाठीच मान्य केले. त्यात चिमटीत येणारी चरबी यंत्राच्या कपात ओढून थंड ठेवतात. 1060 नॅनोमीटरचे लेझर तेच काम उष्णतेने, सुमारे 25 मिनिटांत करते. एका सत्रात त्या जागेचा थर साधारण 20 ते 25 टक्के पातळ होऊ शकतो. रेडिओफ्रिक्वेन्सीचा, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेचा, मुख्य उपयोग सैल त्वचा थोडीफार घट्ट करण्यासाठी होतो. कपात ओढण्याइतकी चरबी असेल तर पहिला पर्याय, नसेल तर दुसरा, अशी ढोबळ विभागणी करता येते. मात्र थंडीने अंगावर गांधी उठत असतील किंवा क्रायोग्लोब्युलिनिमियासारखा (थंडीत रक्तातील काही प्रथिने साकळण्याचा) आजार असेल तर पहिला पर्याय बादच समजावा. अंतिम निवड त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांनी हात लावून तपासल्यावरच करावी.

यातून किती किलो वजन उतरते? (सोलापूर)

उतरत नाही.

दुसरे सिझेरियन होऊन दीड वर्ष झाले. वजन पूर्ववत आहे, तरी बेंबीभोवती पोट पुढे येते आणि संध्याकाळी जास्त दिसते. एका सेंटरने आठ सत्रांचे पॅकेज मासिक हप्त्यांवर देऊ केले आहे. आजच पैसे भरल्यास सवलत आहे. घ्यावे का? (नाशिक)

घेऊ नये, निदान आज तरी नक्कीच नाही. पत्रात सत्रांची संख्या, हप्ते आणि सवलत यांची माहिती आहे, पण तुम्हाला आडवे झोपवून कोणी पोट तपासले, असा उल्लेख कुठेही नाही. माझा सर्वांत मोठा आक्षेप याच प्रकाराला आहे.

पोटात बाहेरून आत त्वचा, त्वचेखालची चरबी, स्नायू आणि त्यामागे आतड्यांभोवतीची चरबी असे थर असतात. चरबीवर काम करणारी यंत्रे यांपैकी फक्त दुसऱ्या थरापर्यंत पोहोचतात. वजन पूर्ववत असताना पोट पुढे येत असेल आणि दिवस मावळताना ते वाढत असेल, तर शंका तिसऱ्या थराची येते. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेपासून दूर सरकतात आणि काही स्त्रियांत ते पुन्हा जवळ येत नाहीत. गुडघे दुमडून उताणे झोपा, फक्त डोके उचला आणि बेंबीच्या वरखाली बोटे ठेवून पाहा. मधोमध उभा उंचवटा येत असेल किंवा दोनहून अधिक बोटे आत रुतत असतील, तर स्नायू विलगले असण्याची शक्यता बरीच आहे. अशा वेळी चरबी गोठवून पुढे आलेले पोट आत जाणार नाही. फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले व्यायाम आधी करायचे असतात.

याहून गंभीर शक्यता बेंबीच्या किंवा टाक्यांच्या जागी झालेल्या हर्नियाची आहे. खोकताना फुगवटा येतो का आणि झोपल्यावर तो आत जातो का, हे पाहावे. हर्निया असलेल्या जागी पोट कपाने खेचणे धोक्याचे आहे. फुगवटा दुखू लागला, टणक झाला, आत जाईनासा झाला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तसे काही नसले, तरी याच आठवड्यात जनरल सर्जनना दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास सोनोग्राफी करून घ्यावी.

आणि ती ‘आजच’ची सवलत! जो उपचार दीड वर्षानंतर होतो आहे, तो पुढच्या आठवड्यात का होऊ शकत नाही, हे त्या सेंटरलाच विचारावे. ‘इंच कमी’ झाल्याची मोजणीही नीट पाहावी. पहिल्या दिवशी टेप बेंबीवरून सैल धरला आणि शेवटच्या दिवशी श्वास सोडायला लावून दोन बोटे वर ताणून धरला, तर कोणतेही यंत्र न लावता कंबर बारीक होते.

यजमानांचे पोट टणक आहे, चिमटीत काही येत नाही. वय 46, कंबर 104 सें.मी. त्यांना कोणते यंत्र चालेल? (कोल्हापूर)

कोणतेही नाही. बरीचशी चरबी आतड्यांभोवती असण्याची शक्यता आहे आणि तिथवर ही यंत्रे पोहोचत नाहीत. भारतीय पुरुषांसाठी कंबर 90 सें.मी.च्या आत असावी असे मानतात. फिजिशियनकडे नेऊन रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृत तपासून घ्यावे.

पार्लरमध्ये हनुवटीखाली आणि दंडावर चरबी विरघळवणारे इंजेक्शन देतात. मैत्रिणीला फरक पडला. मी घेऊ का? (पुणे)

मैत्रिणीच्या अनुभवावर औषध घेऊ नये. चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक ॲसिड या औषधाला एफडीएची 2015 मधली मान्यता फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी आहे, दंडासाठी नाही. सुई चुकीच्या थरात गेली तर त्वचेला जखम होते आणि ओठाचा कोपरा हलवणाऱ्या नसेला इजा झाली तर काही काळ हसू वाकडे होते. बाटलीवर काय लिहिले आहे विचारले, तर अशा ठिकाणी ताकास तूर लागू देत नाहीत. मान्यता नसलेल्या अशा इंजेक्शनांविषयी एफडीएने 2023 च्या डिसेंबरमध्ये इशाराही दिला होता. घ्यायचेच असेल तर पात्र डॉक्टरांकडे, बंद बाटली स्वतः पाहून घ्यावे.

चरबी गोठवून तीन महिने झाले. ती जागा कमी होण्याऐवजी कपाच्या आकाराची, घट्ट आणि मोठी झाली आहे. सेंटर म्हणते, आणखी एक सत्र घ्या. (मुंबई)

ते सत्र घेऊ नये. चरबी घटण्याऐवजी वाढण्याचा हा दुर्मीळ, पण ज्ञात दुष्परिणाम आहे. 2014 मध्ये तो वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला आणि मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी 2021 मध्ये स्वतःचा अनुभव जाहीर केल्यावर जगभर चर्चेत आला. तो सहसा दुखत नाही, म्हणूनच ‘सूज आहे, उतरेल’ असे सांगून महिने घालवले जातात. तो आपोआप जात नाही. गाठ मऊ पडू लागल्यावर बहुधा लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया) करावे लागते आणि त्याची वेळ प्लास्टिक सर्जन ठरवतात. सत्रापूर्वीची छायाचित्रे, यंत्राचे नाव आणि तुमच्या सहीचे संमतिपत्र सेंटरकडून लेखी मागून घ्यावे.

तांबी बसवलेली आहे. पोटाचे स्नायू घट्ट करणारा चुंबकीय उपचार चालेल का? (पणजी)

नाही. पोटाच्या भागात धातू असताना तो करत नाहीत. तांबी बदलण्याचा विचार असेल तर तो स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून करावा. केवळ या उपचारासाठी ती काढू नये.