पावसाळी ट्रेकला कार्बनचा चाकू की स्टेनलेसचा? आणि गंजलेलं पातं ग्राइंडरवर का देऊ नये

तुम्ही पोस्टमध्ये लिहिलंय की राजमाचीहून आल्यावर चार दिवसांनी सॅक उघडली, तर ओपिनेल नंबर ८ या लाकडी मुठीच्या घडीच्या चाकूच्या कार्बन (म्हणजे साध्या, गंजणाऱ्या पोलादाच्या) पात्यावर तांबूस ठिपके दिसले, मूठ फुगलीय, पातं अडकवणारी रिंग फिरत नाही. मित्र म्हणतो की धारवाल्याकडून मशीनवर पॉलिश करून घे. आता हा टाकून देऊन स्टेनलेसच घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आधी ऐका. तो चाकू मशीनवाल्याकडे देऊ नका. दिला असेल तर आजच परत आणा.

इतकं कळकळीने सांगतोय कारण माझा नेमका याच पायरीवर घात झाला. माझ्याही कार्बनच्या पात्यावर पावसाळ्यात असेच ठिपके आले होते. बोटाने चाचपलं तर जेमतेम जाणवत होते. म्हणजे गंज वरवरचाच होता. शहरातल्या एका बऱ्यापैकी नाव असलेल्या हत्यारांच्या दुकानात घेऊन गेलो. काउंटरवर स्पष्ट सांगितलं की मशीन लावायचं नाही, दगडावर, पाणी घालून, हाताने करायचं. समोरच्याने मान डोलावली, चाकू आत गेला आणि थोड्याच वेळात आतून ग्राइंडरचा आवाज आला. मी आत डोकावेपर्यंत काम झालेलं होतं.

पातं आरशासारखं चकाकत होतं. पण टोकाकडे, धारेला लागून, निळसर-जांभळा पट्टा उठला होता आणि त्याच्या कडेला गवती पिवळा रंग. दुकानदार म्हणाला, पॉलिशचा रंग आहे, वापरलात की जाईल. तो पॉलिशचा रंग नव्हता. पात्याचं पाणी उतरलं होतं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला होता.

नवीन मंडळींसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण हे फार कुणी सांगत नाही. चाकूचं पोलाद आधी लालबुंद तापवून झटकन थंड करतात, त्याने ते कडक पण ठिसूळ होतं. मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा माफक तापवतात. साध्या कार्बन पोलादाच्या चाकूला ही दुसरी आच साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. नंतर कधीही पातं त्याहून जास्त तापलं की कडकपणा उतरायला लागतो आणि थंड झाल्यावर तो परत येत नाही. निळा रंग दिसला म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास जाऊन आलेलं असतं. धारेची कड इतकी पातळ असते की कोरड्या चाकावर तिथवर पोचायला काही सेकंद पुरतात.

पुढच्याच ट्रेकला त्याचा हिशेब मिळाला. तंबूची नायलॉनची दोरी कापली आणि धार एका बाजूला वळली. नखावर पातं हलकेच ओढलं की वळलेली कड अडकायची. रात्री छोट्या दगडावर धार लावायची आणि एका स्वयंपाकात ती बोथट व्हायची, असं चाललं. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी तेवढ्यावरून ठरवून टाकलं की कार्बनला धार टिकत नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. बिघाड केला ग्राइंडरने आणि नाव खराब झालं कार्बनचं.

दुकानाचं उत्तर एकच, धार लावून दिली होती. चाकू जिथून घेतला होता त्यांच्या तक्रार विभागाला फोटोंसह लिहिलं, तर छापील उत्तर आलं की गंज वॉरंटीत बसत नाही. गंजाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. मी विचारत होतो की पातं बदलून मिळेल का, मी पैसे देतो. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच वाक्य आलं. मेल वाचायचीसुद्धा तसदी घ्यायची नसेल तर तक्रार विभाग उघडता कशाला? शेवटी निळा भाग जाईपर्यंत हाताने, दगडावर, पातं झिजवत नेलं. टोकाकडची बरीच रुंदी गेली. चाकू आजही कापतो, पण पात्याचा मूळ आकार गेला तो गेलाच.

स्टेनलेसवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. स्टेनलेसमधून उष्णता हळू पसरते, त्यामुळे कडेला साचलेली आच तिथेच राहते. शिवाय त्यावर हे रंग जास्त तापमानाला उमटतात. म्हणजे धार बिघडलेली असते आणि दिसत काहीच नाही.

आता मूळ प्रश्न. माझं मत रोखठोक आहे, पटेलच असं नाही. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत आणि बारा महिने कोकण किनाऱ्यावर, घडीचा चाकू असेल तर स्टेनलेसच घ्या. घडीचा हा शब्द महत्त्वाचा आहे. पातं पुसता येतं, पण जिथे ते मुठीत फिरतं त्या खिळीत पाणी जाऊन बसतं आणि तिथे फडकं पोचत नाही. ओपिनेलची मूठ बीचच्या लाकडाची, ती पाणी पिते आणि ओल पात्याला चिकटून राहते. महाबळेश्वर-आंबोलीच्या पट्ट्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या हवेत सॅकच्या कप्प्यात काहीच वाळत नाही, मोजे वाळत नाहीत तर चाकू कुठून वाळणार?

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही, असं मात्र समजू नका. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य थर बसतो आणि ओरखडा पडला तर हवेत तो पुन्हा तयार होतो. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पोलादाला स्टेनलेस म्हणतात, चाकूंत ते तेरा-चौदा-पंधरा टक्के असतं. पण मिठातलं क्लोराइड हा थर भेदतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. हर्णैला किंवा मालवणला मुक्काम केलात, मासे साफ केलेत, तर स्टेनलेससुद्धा गोड्या पाण्याने धुवून पुसायचा.

आणखी एक फसगत. ऑनलाइन स्वस्तातल्या घडीच्या चाकूंवर डी२ असं पोलादाच्या जातीचं नाव कोरलेलं असतं आणि विकणारे ते स्टेनलेस म्हणून खपवतात. डी२ मध्ये क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं खरं, पण कार्बनही दीड टक्का असतो आणि बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी बांधलं जातं. गंज रोखायला उरतं ते कमी. पावसात त्यावर ठिपके येतात. शिवाय ते कडक असल्याने खिशातल्या दगडावर धार लावताना हात दुखून येतात. ट्रेकसाठी मला ते दोन्हीकडून गैरसोयीचं वाटतं.

ओपिनेलमध्येच राहायचं असेल तर तोच चाकू स्टेनलेसमध्येही मिळतो, पात्यावर इनॉक्स लिहिलेलं असतं. स्वीडिश १२सी२७ जातीचं पोलाद आहे, धार पटकन लागते. कांदा, काकडी, दोरी, काटक्या एवढ्या कामात कार्बन पात्याशी फरक जाणवेल असं मला वाटत नाही. मूठ मात्र तीच लाकडाची, म्हणजे फुगायचा प्रश्न राहतोच. तो नको असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचा साधा प्लॅस्टिक मुठीचा. त्याचं पोलाद मऊसर, ५६ एचआरसीच्या (हे कडकपणाचं माप) आसपास. धार लवकर बोथट होते अशी लोक नावं ठेवतात, पण लागतेही तितक्याच लवकर. मी नवीन माणसाला डोळे मिटून तोच सांगतो.

मग कार्बन कुणासाठी? ज्याला रोज चाकू हातात घेऊन दोन मिनिटं बसायला आवडतं त्याच्यासाठी. ओपिनेलच्या कार्बन पात्यात साधारण ०.९ टक्का कार्बन असतो, क्रोमियम जवळपास नाहीच. बारीक दगडावर त्याची धार जशी येते, धार लावताना कडेवर उठणारी धातूची बारीक पाख जशी स्वच्छ सुटते, ते सुख मला स्टेनलेसमध्ये मिळालेलं नाही. स्टेनलेसची पाख चिवट असते, इकडून तिकडे वळत राहते. हिवाळ्यात रतनगड-हरिश्चंद्रगड, उन्हाळ्यात स्पिती किंवा लडाख अशा कोरड्या हवेत मी आजही कार्बनच नेतो. तिकडे त्याला काही होत नाही. गारगोटीवर ठिणगी पाडायचा छंद असेल तरी कार्बनच हवा. फेरो रॉडला (घासली की ठिणग्या पाडणारी सळई) मात्र पोलादाची जात लागत नाही, पाठीची कड काटकोनात तीक्ष्ण असली की झालं.

कार्बन पातं काळं पडतं म्हणून घाबरणारे खूप भेटतात. आपल्या आजीच्या विळीचं पातं आठवा, कैरी चिरली की काळं व्हायचं आणि पहिल्या दोन फोडींना लोखंडाची चव लागायची. तरी ती विळी वर्षानुवर्षं चालली, कारण काम झालं की लगेच धुवून, कोरडी पुसून ठेवली जायची. तो काळा-राखाडी थर नुकसानीचा नाही, उलट गंजाला थोडा अडवतो. लाल-तांबूस आणि बोटाला पूड लागणारा तो खरा गंज. थर बसला म्हणून पुसायचं सोडलंत तर मात्र त्याच्याखालून गंज येतोच.

आता तुमच्या हातातल्या चाकूचं. टाकून अजिबात देऊ नका. मूठ फुगलीय म्हणून रिंग पकडीने पिरगाळू नका आणि चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवूही नका, लाकूड तडकतं. सावलीत, वारं लागेल असं दोन-चार दिवस ठेवा, रिंग आपोआप सुटायला लागते. पुढेमागे रिंग मोकळी पण पातं मुठीत रुतलं असं झालं, तर नखाने ओढत बसू नका. मुठीचं मागचं टोक दगडावर किंवा लाकडाच्या ओंडक्यावर हलकेच ठोका, पात्याचं टोक मुठीबाहेर डोकावतं. फ्रान्समधल्या सावोयच्या डोंगराळ भागात १८९० पासून हे चाकू बनतात, तिथल्या लोकांची ही जुनी युक्ती आहे. फिरती रिंग १९५५ ची, तिच्या आधीपासून ते असंच करत आलेत.

पात्यावरच्या ठिपक्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर) आणा, तेलाचे दोन थेंब टाका आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने, पाठीकडून धारेकडे न जाता, हलक्या हाताने घासा. बारीक खड्डे राहिले तर राहू द्या. धारेच्या कडेवर नसतील तर कापण्याला त्यांचा काही त्रास नाही. त्यानंतर धार साध्या दगडावर, पाणी घालून. हाताने लावताना पातं बोटाला कोमटसुद्धा लागत नाही.

तेलाबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत असतं, मी माझं सांगतो. खोबरेल तेल लोक लावतात, पण थंडीत गोठतं आणि खिळीत बसून चिकट होतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिनची बाटली मिळते, ती मी वापरतो. रंग नाही, वास नाही, खवट होत नाही आणि त्याच चाकूने काकडी कापली तरी चिंता नाही. एक थेंब खिळीत सोडून पातं चार वेळा उघडझाप करायचं. मुठीला जवसाचं तेल चांगलं, ओल कमी शिरते. पण जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, मग टाका. चाकू चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवण्याची हौस पावसाळ्यात तरी नको, चामडं ओल धरतं.

एक बाजूचा मुद्दा, कारण कुणीतरी विचारणारच. मी वकील नाही, तेव्हा खात्री स्वतः करून घ्या. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आपले खिशातले चाकू त्याच्या जवळपासही नाहीत. पण सणासुदीला, निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्या कलमात सुऱ्यांचाही उल्लेख आहे. तेव्हा बस-लोकलने जाताना चाकू खिशात किंवा पट्ट्याला नको, सॅकच्या तळाशी, भांड्यांबरोबर गुंडाळून. विमानात चेक-इनच्या बॅगेतच.

आणि तुम्ही पोस्टमध्ये लाकडं फोडण्याबद्दल लिहिलंय. कुठल्याही घडीच्या चाकूच्या पाठीवर ठोकून लाकूड फोडू नका, मग तो कार्बन असो की स्टेनलेस. खिळी ढिली होते. त्याला गावातला कोयता.

रिंग सुटली की खिळीजवळच्या भागाचा एक फोटो उजेडात काढून टाका. तिथे गंज पूड होऊन सुटत असेल तर उपाय वेगळा आहे, नुसता डाग असेल तर वरचं सगळं पुरेसं आहे. आणि या पावसाळ्यापुरता एखादा स्वस्तातला स्टेनलेस घेऊन ठेवा, तोवर हा घरी कांदे चिरू दे.