कंपनीत आधीच उलथापालथ, त्यात नवीन काही सुरू करायचं का?

"आहे तेच सावरताना नाकी नऊ आलेत, त्यात नवीन प्रॉडक्टचं डोकं कुठून आणू", असं विचारणारे मालक-मॅनेजर हल्ली माझ्याकडे बरेच येतात. त्यातली एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

भोसरीतलं मशिन शॉप, वडिलांनी टाकलेलं, साठेक माणसं. रॉकर आर्म, वॉल्व गाइड असलं इंजिनचं काम. २०२० ला बीएस सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आले, ते कसंबसं निभावलं, पण ईव्हीने धाबं दणाणलं, कारण इलेक्ट्रिक स्कूटरला ना पिस्टन ना वॉल्व ना सायलेन्सर. मग मालकांनी, म्हणजे शेठनी, एकाच वर्षात ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं, बाहेरून प्लांट हेड आणला, कामाची वेगवेगळी डिपार्टमेंटं केली आणि इलेक्ट्रिक मोटरच्या शाफ्टचं सॅम्पलही करायला घेतलं, सगळं एकदम! झोप उडाली तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

तक्रार एकच, लोक साथ देत नाहीत. त्यातही एक जुने सेटर, म्हणजे मशिन कामाला लावून देणारे कारागीर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. मशिनला लावलेल्या टॅबवर फडकं टाकून ठेवायचे आणि खिशातल्या डायरीत लिहायचे. प्लांट हेडने सगळ्यांसमोर ती डायरी बंद करायला लावली, तेव्हापासून मामा विचारलं तेवढंच बोलतात.

मी विचारलं, डायरीत असतं काय? शेठना माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी पानांचे फोटो घेऊन आले. कुठल्या इन्सर्टवर (कापायच्या पात्यावर) किती जॉब निघाले, दुपारी मशिन तापलं की साइज कशी सरकते, मग ऑफसेट, म्हणजे मशिनच्या सेटिंगमधली दुरुस्ती, किती मायक्रॉन द्यायचा, सगळं बारीक अक्षरात. आणि शाफ्टचं सॅम्पल दोनदा रिजेक्ट झालं होतं ते नेमकं दुपारच्या साइजमुळेच.

लोकांना बदल नको असतो, हे मला फारसं पटत नाही. ज्याच्या हाताला मान होता त्याला एका दिवसात शिकाऊ केलंत तर तो गप्पच बसणार ना. आणि खरं तर शेठ स्वतः तरी कुठे बदलले होते, रोज सकाळी डिस्पॅचला मायक्रोमीटर घेऊन उभे! नवीन गिऱ्हाइकाला भेटायला कधी जाता विचारलं तर म्हणे वेळच नाही.

मी आकुर्डीचं उदाहरण काढलं, की बजाजने स्कूटर सोडून मोटरसायकल धरली आणि २०२० ला चेतक इलेक्ट्रिक होऊन परत आली, तर म्हणाले, "मॅडम, मोठ्यांना परवडतं हो." बरोबरच आहे, म्हणून आम्ही परवडेल एवढंच ठरवलं. एक मशिन शेड्यूलमधून बाहेर काढायचं, त्यावर मामा आणि एक डिप्लोमावाला पोरगा, आणि त्या मशिनचं रिजेक्शन महिन्याच्या रिपोर्टमध्ये धरायचंच नाही, नाहीतर शिव्या खायला कोण नवीन करून बघेल? आठवड्यातल्या दोन सकाळी शेठ डिस्पॅचला जाणार नाहीत, गिऱ्हाइकाकडे जातील.

सगळ्यात जड गेलं ते लोकांशी बोलणं. शेठना "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" म्हणायचं होतं, मी म्हटलं ते अजिबात नको. कुठलं काम कमी होणार, कुठलं राहणार, कोणाला काय शिकवणार, जे माहीत आहे ते सरळ सांगा आणि जे ठरलं नाही ते ठरलं नाही म्हणा. सांगितलं. दोन जण सोडून गेले, पण कँटीनमधली कुजबुज बरीच थांबली.

शाफ्टला पुढे अप्रूव्हल मिळालं, ऑर्डर अजून किरकोळच आहे. डायरीतले आकडे त्या पोराने ईआरपीत चढवले, मामा शेजारी बसून सांगत होते. प्लांट हेड मात्र टिकला नाही. त्या जागी कोण हा विषय सध्या चाललाय आणि शेठचं म्हणणं, मिळेपर्यंत मीच बघतो सगळं. यावरून आमचं दर भेटीत वाजतं.