पाकिटं टाकू नका
तुम्हाला पणजोबांची पत्रं सापडली हे कळून फार आनंद झाला. पाकिटं मात्र टाकू नका. मजकुरात तारीख नसली तरी डाकेचा शिक्का गाव आणि दिवस सांगतो. तिरप्या उजेडात भिंग धरलंत की पुसट अक्षरंही लागतात. पत्रावर शके असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवा: शके १८४२ सुरू झालं १९२० मध्ये. माघ-फाल्गुनातलं पत्र असेल तर ७९. इथेच एकदा मी वर्षभराने चुकलो आणि मृत्यूची नोंद भलत्याच वहीत शोधत बसलो. पत्र मोडी लिपीत असेल आणि ती येत नसेल तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराला दाखवा. पत्रांतली नावं कुणाची ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या. आणि घडी उलगडली की लगेच फोटो काढा, पुन्हा घालू नका. कागद तिथेच तुटतो.