खुब्याच्या सांध्याभोवती नको असलेले हाड

प्रश्न : वडिलांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलल्यानंतर त्याभोवतीच्या स्नायूंमध्ये हाड वाढले आणि पाय वाकवणे कठीण झाले. आता डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. तेथे हा त्रास टाळता येईल का?

उत्तर : बऱ्याच अंशी टाळता येतो, पण त्याचा निर्णय शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवा. शस्त्रक्रियेत दुखावलेल्या स्नायूंमधील काही पेशी हाड तयार करणाऱ्या पेशींमध्ये बदलू लागतात. हा बदल पहिल्या काही दिवसांतच सुरू होतो, एक्स-रेमध्ये मात्र तो काही आठवड्यांनी दिसतो आणि तोवर प्रतिबंधाची वेळ टळून गेलेली असते.

असे थोडेफार हाड अनेक रुग्णांमध्ये आढळते. अस्थिशल्यचिकित्सक ब्रूकर यांनी १९७३ मध्ये त्याच्या कमीपासून जास्तीपर्यंत चार श्रेणी सांगितल्या. त्यांपैकी पहिल्या दोन श्रेणींत सहसा त्रास जाणवत नाही. त्यामुळे सरसकट सर्वांना प्रतिबंधक उपचार देणे मला पटत नाही. मात्र ज्यांना पूर्वी असे हाड वाढले आहे किंवा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (पाठीचा कणा आखडवणारा सांध्यांचा दाह) आहे, त्यांना धोका अधिक असतो. तुमचे वडील यांतील पहिल्या गटात मोडतात.

उपाय मुख्यतः दोन आहेत. पहिला वेदनाशामक गटातील औषधांचा : इंडोमेथासिन दिवसाला ७५ मिलिग्रॅम, विभागून, साधारण दोन ते सहा आठवडे दिले जाते. दुसरा किरणोपचाराचा : ७ ते ८ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) एवढी एकच मात्रा, शस्त्रक्रियेच्या आधीच्या २४ तासांत किंवा नंतरच्या ७२ तासांत देतात. मूत्रपिंड आणि जठर निरोगी असेल तर गोळ्या सोयीच्या, अर्थात त्या मध्येच न सोडण्याच्या अटीवर. पण जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, अथवा शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ करणारे औषध चालू राहणार असल्यास (ते बहुधा असतेच), रक्तस्रावाचा धोका तोलूनच निवड करावी लागते; म्हणून ही गोळी स्वतःहून कधीही सुरू करू नये. किरणोपचारात सिमेंटविना बसवलेल्या कृत्रिम सांध्याचा हाडाशी जुळणारा भाग झाकून घेतात, कारण तेथे हाड वाढणेच हवे असते.

उजव्या खुब्याचे जुने एक्स-रे आणि चालू औषधांची यादी शल्यचिकित्सकांना आताच दाखवा. किरणोपचार ठरलाच तर त्याची वेळ शस्त्रक्रियेच्या तारखेबरोबरच निश्चित करावी लागेल.