मास्क बसून नाही, झोपून बसवा

सीपॅप (झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) वापरत असाल तर मास्कचे पट्टे बसून आवळू नका. मशीन चालू करा, नेहमीच्या कुशीवर आडवे व्हा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत टेकवा म्हणजे कुशनमध्ये (चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागात) हवा भरेल, आणि मग खालचे-वरचे पट्टे जुळवा. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. जास्त आवळलं की कुशन चपटं होतं, गळती उलट वाढते आणि नाकाच्या हाडावर जखम होते ती वेगळीच. डोळ्यांत हवा जात असेल तर साइज मोठा असू शकतो. दर वेळी पट्टाच दोषी नसतो.

नाकाने श्वास घेता येत असेल तर नेझल मास्क (फक्त नाक झाकणारा) किंवा पिलोपासून (नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क) सुरुवात करा. फुल फेस मास्क (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) नाक कायम चोंदलेलं असणाऱ्यांसाठी, किंवा तोंड उघडंच राहत असेल तर. त्याला कडा जास्त, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. पेसमेकर असेल तर चुंबकाच्या क्लिपा असलेला मास्क नकोच.

४ च्या प्रेशरवर (एकक: सेंमी पाणी) अनेकांना गुदमरल्यासारखं होतं. रॅम्प (कमी दाबापासून हळूहळू वाढणारं प्रेशर) ५-६ पासून सुरू करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. ऑटो मशीन (गरजेनुसार दाब आपोआप बदलणारं) अनेकदा ४ ते २० वर तसंच सोडून दिलेलं असतं, तीही रेंज रिपोर्ट दाखवून बदलून घ्या. रिपोर्टमध्ये आधी गळती बघा (रेसमेड कंपनीच्या मशीनवर २४ लिटर प्रति मिनिटाच्या खाली हवी), मगच एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा). गळती मोठी असेल तर तो आकडा भरवशाचा नसतो.

नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला तर ह्युमिडिफायर एक घर कमी करा किंवा नळी पांघरुणाखालून घ्या. कुशन रोज सौम्य साबणाने धुवा, चेहऱ्याच्या तेलाने ते सरकतं.