बायकांना घरकामच पुरेसं, वेगळ्या व्यायामाची गरज नाही, हे खरं का?

तुमचा प्रश्न असा: दोघंही पंचेचाळिशीचे, तुमच्या आईला शुगर होती. तुम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज अर्धा तास चालता, बायको म्हणते घरकाम आहे तेवढं पुरे. तर कोणाला किती व्यायाम लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण दोघांनाही सारखंच आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं, चांगलाच दम लागणारा व्यायाम असेल तर ७५, शिवाय दोन दिवस ताकदीचा.

पण ‘घरकामच पुरेसं’ हे मला मुळीच मान्य नाही, आणि नाशिकमध्ये घरोघरी हेच ऐकतो. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटणं, भांडी, कपडे वाळत घालणं यात पाठ मोडते, पोटऱ्या भरून येतात, पण श्वास वाढत नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका दम लागला पाहिजे. पोळ्या लाटताना अख्खी आरती म्हणून होते. खाली बसून हाताने लादी पुसली तर ती मिनिटं जरूर धरा, बाकीची नाही.

आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो, आणि व्यायामानंतर शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही एक-दोन दिवस सुधारलेला राहतो. म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. रविवारी पांडवलेणी चढलात तर छानच, पण साखरेवरचा तो परिणाम गुरुवारपर्यंत टिकत नाही. रात्री जेवून लगेच आडवं होण्याऐवजी दोघांनी १५ मिनिटं चालावं.

बायकोला नुसतं चालणंही पुरणार नाही. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने झिजतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १०, टाचा उचलणं १५. असे दोन फेरे, आठवड्यातून दोनदा. सोपं वाटू लागलं की दोन लिटरची पाण्याची बाटली छातीशी धरून उठ-बस करायची. गर्भारपणात शुगर वाढली होती का, तेही तिला विचारा. तसं असेल तर तिचा शुगरचा धोका तुमच्याइतकाच गंभीरपणे घ्या.

अमेरिकेतल्या चार लाखांहून जास्त प्रौढांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला. अकाली मृत्यूचा धोका पुरुषांमध्ये आठवड्याला ३०० मिनिटांच्या व्यायामाने जितका कमी दिसला, तितका बायकांमध्ये सुमारे १४० मिनिटांतच. अभ्यास तिकडचा आहे आणि निरीक्षणावरचा, हे खरं. तरी ज्या घरात बाईला वेळ कमी, तिथे तिची २० मिनिटं आधी राखायला हवीत. तुम्ही सकाळी ट्रॅकवर असता तेव्हा डबे कोण भरतं? आठवड्यातून तीन दिवस तुम्ही भरा, तिला ट्रॅकवर पाठवा.

चालताना छातीत दाब आला तर थांबा, आधी डॉक्टर. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर खिशात साखर ठेवा; घाम, थरथर सुटली की तीन चमचे साखर लगेच खायची, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासायची.